अवाजवी क्लेश

जो नियम दुर्बळाच्या हितासाठी केला जातो, त्याच्याच पोटात तो चुकविण्याची एक वाटही कायदा करणारे ठेवून देतात. दुर्जन त्या वाटेने गेला, तर त्याला अडविता येते, निदान नावे तरी ठेवता येतात. परंतु सज्जन माणसे देवाचे नाव घेऊन आणि अन्नदानाचे पुण्य पाठीशी बांधून त्या वाटेने जातात, तेव्हा घडणाऱ्या अन्यायाला अन्याय म्हणावयास कोणी धजत नाही. ही हकीकत अशाच सज्जनांची आहे.

आम्ही मूळचे अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या असोरेस बेटांवरचे. आमच्या आजोबा-पणजोबांनी कॅलिफोर्नियाच्या या खोऱ्यात येऊन आधी दुसऱ्यांच्या गाईंच्या धारा काढल्या, मग स्वतःच्या गाई घेतल्या, आणि दोन पैसे गाठीला लागताच राहती घरे धड होण्याआधी पवित्र आत्म्याच्या बंधुमंडळासाठी हॉल बांधला. उंच जोत्याची, पांढऱ्या लाकडी भिंतींची ती वास्तू आहे. खाली अर्धे तळघर, तेथे एरवी रश्शाचे रिकामे हंडे ठेवलेले असतात. पुढे रुंद पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या तोंडावर निळ्या फरश्यांनी चितारलेले पवित्र आत्म्याचे कबुतर. त्या फरश्या बेटावरून बोटीने आणल्या होत्या, हे आमच्याकडे प्रत्येक मुलाला बाप्तिस्म्यासारखे एकदा ऐकविले जाते.

सणाच्या दिवशी या हॉलमध्ये सोपाश वाढतात. शिळ्या पावाच्या जाड तुकड्यांवर पुदिन्याची डहाळी ठेवायची आणि वरून गोमांसाचा उकळता, दालचिनीच्या वासाचा रस्सा ओतायचा. ज्याला भूक आहे त्याने यावे आणि बाकावर बसावे. नाव विचारायचे नाही, पैसा घ्यायचा नाही. शहराचा महापौर आणि द्राक्षमळ्यातला हंगामी मजूर एकाच बाकावर गुडघ्याला गुडघा लावून जेवतात, ही आमची प्रतिष्ठा. जो अंथरुणाला खिळला असेल त्याचा वाटा झाकणाच्या भांड्यातून घरी पाठवितात. ही रीतही बेटांवरचीच, आणि तिच्याविषयी आम्हाला रास्त अभिमान होता. पुढे जे घडले त्याचे मूळ या अभिमानातच होते.

दिओलिंडा आविला ही आमच्या मंडळाची शिवणकाम करणारी बाई. सणाची राणी म्हणून दरवर्षी जी मुलगी मिरवते, तिचा मखमली झगा दिओलिंडा शिवते. त्यावरचे जरीचे कबुतर, गव्हाच्या ओंब्या आणि जास्वंदीची वेलबुट्टी सारे तिच्या हातचे. मणक्याच्या आजारात तिचे पाय गेले, त्याला बरीच वर्षे झाली. तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत असते, आणि तेव्हापासून तिचे झगे हॉलमध्ये जातात. ती जात नाही. तिचा वाटा मात्र न चुकता घरी पोहोचतो. आजाऱ्यांच्या यादीत तिचे नाव पहिले असे. ती आजारी नव्हती. सबंध आठवडा ती शिलाईयंत्रावर बसे (त्या यंत्राला हाताने चालणारी कळ तिने स्वतः बसवून घेतली होती) आणि बाजारहाट स्वतः करी. परंतु जो पायऱ्या चढू शकत नाही तो आजारी, असे आमच्या मंडळाचे वैद्यकशास्त्र होते.

सणाआधीच्या सात रविवारी पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट सात घरी आठवडाभर वस्तीला असतो. कोणाच्या घरी कोणता आठवडा, हे आदल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून ठरते. सातवे घर सर्वांत भाग्याचे. त्या घरच्या माणसाला सणाच्या दिवशी चर्चमध्ये पाद्री मुकुट घालतो, मग तो माणूस स्वतःच्या हातांनी मुकुट मिरवीत हॉलपर्यंत आणतो, आतल्या वेदीवर ठेवतो, आणि मगच पहिला डाव हंड्यात बुडतो. रांधणाऱ्या बायका सोडल्या, तर मुकुटाच्या आधी हॉलची पायरी कोणी चढत नाही. पाद्रीही नाही, महापौरही नाही.

दिओलिंडाची चिठ्ठी तिच्या वडिलांच्या वेळेपासून त्या पेटीत होती. त्या वर्षी सातव्या रविवारला ती निघाली. पेटी ज्याच्या हातात होती त्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग कोणी टाळ्या वाजविल्या, कोणी एकमेकांकडे पाहिले.

दिओलिंडाला निरोप घेऊन गेली तिची भाची नेलिया. ही इस्पितळात परिचारिका आहे. तिने सांगितले की मावशीने कापायला घेतलेली मखमल बाजूला सारली आणि हात धुऊन आली, जणू काही मुकुट दारातच उभा होता.

त्याच शरद ऋतूत शहराचा हुकूम आला. लोक जमतात अशा सर्व जुन्या लाकडी इमारती भूकंपापासून मजबूत करून घ्याव्यात, जोत्याला पोलादी चौकटी बसवाव्यात, मुदतीत परवाना घ्यावा, नाहीतर दाराला टाळे. आणि त्याच हुकुमाच्या खालच्या भागात असे होते की ज्या इमारतीस हा परवाना दिला जाईल, तिच्या मुख्य दारापर्यंत चाकांची खुर्ची जाईल असा मार्गही त्याच कामात करावा लागेल. नेलियाने हे मावशीला वाचून दाखविले.  दुसऱ्याच दिवशी दिओलिंडाने स्वतःसाठी नवा पोशाख बेतायला घेतला. तिने मंडळाकडे कधी काही मागितले नव्हते. आता कायदाच तिच्या वतीने मागत होता, आणि कायदा म्हणजे चार माणसांची मर्जी नव्हे, अशी त्या भाबड्या बाईची समजूत होती.

मंडळाचे अध्यक्ष लॉरेनियो बेतेंकूर. दुधाचा मोठा व्यवसाय, मोठा आवाज आणि मनही मोठे. कोणाचे गुरू मेले, कोणाचा नवरा मेला, तर पहिली गाडी लॉरेनियोची उभी राही. नेलियाच्या बाप्तिस्म्याला ते धर्मपिता आणि दिओलिंडा धर्ममाता म्हणून उभी राहिली होती, म्हणून ते दिओलिंडाला कोमाद्रे म्हणत आणि ती त्यांना कोंपाद्रे. आमच्यात हे नाते सख्ख्या भावंडांच्या जवळचे मानतात. चिटणीस ओरासियो सिल्वेरा. आयुष्यभर विमे विकलेला माणूस. कोणत्याही कागदातली बारीक अक्षरे त्याला देवाच्या वाणीपेक्षा स्पष्ट ऐकू येत.

कार्यकारिणीची बैठक झाली. पोलादी चौकटींचा खर्च ऐकून सर्वांचे चेहरे उतरले. मग खुर्चीसाठी करायच्या उताराचा विषय निघाला. जोते उंच, म्हणून उतार लांबलचक करावा लागणार. तो अंगणातून वळवून आणावा लागणार, त्यात पाच मोटारींची जागा जाणार, आणि निळ्या फरश्यांची एक कड तोडावी लागणार. मोटारींचे नाव निघताच विषय गंभीर झाला. ओरासियो म्हणाला की शहराला भूकंपाची भीती वाटते, आपल्याला मात्र शहराचीच भीती वाटायला हवी. पण घाबरण्याचे कारण नाही, कारण त्याने सगळी कलमे वाचली आहेत. ज्या संस्थेला असा मार्ग करणे अवाजवी क्लेशाचे होईल, तिला सूट मिळते. त्यासाठी अर्ज करायचा, सुनावणीला जायचे, संपले. लॉरेनियोंनी एवढेच विचारले, "आपण आजवर कुणाला उपाशी ठेवलंय का?" कोणालाही ठेवले नव्हते. अर्ज करण्याचे ठरले. आम्हा इतर सभासदांना हे कळले ते ठराव झाल्यानंतर.

अर्जाची भाषा ओरासियोची. तीत लिहिले होते की सदर वास्तूचा वापर करणाऱ्यांत चालण्यास असमर्थ अशी एकही व्यक्ती नाही. अशा असमर्थ व्यक्तींस सणाचे भोजन संस्थेतर्फे आदरपूर्वक घरी पोहोचविले जाते. सबब कोणीही वंचित राहत नाही. आणि उताराचे बांधकाम हे संस्थेस अवाजवी क्लेश देणारे ठरेल.

हे वाक्य मी अनेकदा मनाशी म्हणून पाहिले आहे. त्यात एकही शब्द खोटा नाही, आणि तरी इतके निर्लज्ज वाक्य मी क्वचितच वाचले आहे. दार असे बांधायचे की पांगळ्याला येता येऊ नये. मग मोजून सांगायचे की येणाऱ्यांत पांगळा एकही नाही. आणि त्याला बाहेर ठेवल्याची टोचणी लागू नये म्हणून त्याच्या दारी जे भांडे पाठविले, तेच शेवटी त्याला बाहेर ठेवण्याचे कारण म्हणून दाखवायचे. आमच्या पूर्वजांनी भुकेल्यांसाठी घातलेली रीत आम्ही कुलूप म्हणून वापरली. हे पाप आहे, आणि ते करताना आमच्यापैकी एकालाही आपण पाप करीत आहोत असे वाटले नाही, हे त्याहून वाईट.

नियमाप्रमाणे सुनावणीची नोटीस सर्वांना वाचता येईल अशा जागी, म्हणजे मुख्य दारावर, डकविली गेली. मुख्य दार पायऱ्यांच्या वर. ज्या बाईच्या येण्याजाण्याचा निवाडा त्या कागदावर होता, तिला रस्त्यावरून फक्त शहराचा शिक्का दिसत होता. शेवटी नेलियाने वर जाऊन तो वाचला आणि खाली येऊन सांगितला.

नगरभवनात अपंगांच्या सोयींच्या अपिलांसाठी पाच जणांची एक समिती बसते. तेथे मोठा उतार आहे, रुंद लिफ्ट आहे. दिओलिंडा सुनावणीला स्वतः गेली, कोणाचीही मदत न घेता. आमचे लोक एका बाजूच्या बाकांवर बसले होते. तिला पाहून लॉरेनियो उठून उभे राहिले, काय करावे हे न कळून परत बसले.

ओरासियोने अर्ज वाचला. मग अध्यक्षबाईंनी विचारले की कोणाला काही सांगायचे आहे काय. दिओलिंडा खुर्ची ढकलीत पुढे गेली.

"मी दिओलिंडा आविला," ती म्हणाली. "या कागदात लिहिलंय की हॉलमध्ये येणाऱ्यांत पांगळं कुणी नाही. बरोबर आहे ते. पायऱ्या आहेत ना." मग ती ओरासियोकडे वळली. "आणि ते घरी येणारं सूप. ओरासियो, तू कधी खाल्लंयस ते? हंड्यातनं निघून माझ्या घरी येईस्तोवर पावाची खळ झालेली असते. मी शिवणकाम करते, मला खळ ओळखता येते. इतकी वर्षं मी गप खाल्ली, कारण प्रसाद आहे. पण ती खाल्ली म्हणून मला आत यायचं नाही, असं मी कधी म्हटलं?"

सभेत कोणीतरी खोकले. अध्यक्षबाई सौम्य होत्या. त्यांनी तिला आणखी बोलू दिले.

"आणि हा शब्द. क्लेश," दिओलिंडा म्हणाली. "मंडळाला क्लेश होतील म्हणता. होतील, मी नाही म्हणत नाही. मला एवढंच विचारायचंय, त्या बेरजेत माझे धरलेत का?"

अध्यक्षबाईंनी शेजारच्या वकिलाकडे पाहिले. मग त्यांनी खरोखर वाईट वाटणाऱ्या स्वरात सांगितले की कायद्यात या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे. उतारापायी संस्थेला येणारा खर्च आणि कामाची एकूण किंमत यांचे प्रमाण, एवढाच. दुसऱ्या कोणाचे क्लेश त्यात मोजण्याची तरतूद नाही. पाचही हात वर झाले. सूट मंजूर झाली. सारे काम एका दुपारच्या थोड्याशा भागात उरकले, आणि बाहेर पडताना दाराशी ठेवलेली कॉफी समितीच्या चिटणिसाने आमच्या लोकांना आग्रहाने दिली.

मला त्या पाच जणांचा राग येतो. ते दुष्ट होते म्हणून नव्हे. अपंगांच्या सोयीसाठी नेमलेले पाच लोक समोर एक अपंग बाई बसलेली असताना, तिच्या क्लेशांना आपल्या शब्दात जागा नाही असे तिलाच सांगतात, आणि त्यांचा आवाज कापत नाही, याचा येतो. आणि आमच्या बाकांवर बसलेल्यांचा त्याहून अधिक येतो. कारण समितीने दिले ते केवळ न करण्याचे स्वातंत्र्य. करू नका, असे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते.

वसंत ऋतूत पोलादी चौकटी बसल्या. हॉल भूकंपाला तोंड द्यायला सज्ज झाला. पायऱ्या जशाच्या तशा राहिल्या.

सातव्या आठवड्यात मुकुट दिओलिंडाच्या घरी आला. तिने बैठकीची खोली पांढऱ्या कापडाने मढविली होती, आणि मुकुट अशा उंचीवर ठेवला होता की तिच्या डोळ्यांसमोर यावा. बाकीच्यांना वाकावे लागे. रोज संध्याकाळी जपमाळ म्हणायला माणसे जमत. एके संध्याकाळी जपमाळ झाल्यावर सर्व गेले, लॉरेनियो मागे राहिले. नेलिया आणि मी भांडी आवरीत होतो.

"कोमाद्रे," त्यांनी सुरुवात केली, "रविवारची काळजी करू नकोस. मी चार पोरं निवडून ठेवलीत. एकेक बैलासारखा. खुर्चीसकट उचलतील, तुला कळणारसुद्धा नाही."

"मला कळणार नाही, तर कुणाला कळेल?"

"अगं, संत अँटनीला नाही का आपण खांद्यावरून नेत? मान असतो तो."

"संत अँटनी लाकडाचा आहे, कोंपाद्रे. त्याला लाज नाही वाटत."

लॉरेनियो हसले. ती हसली नाही. तिने त्यांच्यासमोर कॉफी ठेवली, गोड पावाचा तुकडा ठेवला, आणि पाव कापता कापताच बोलू लागली.

"बाबांच्या मयताचं जेवण हॉलमध्ये होतं, आठवतंय? तेव्हा मी नवीनच खुर्चीत बसले होते. तेव्हाही चौघांनीच उचललं होतं मला. माझा स्कर्ट वर सरकला, मला हात लावून नीट करता येईना, कारण दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. सगळं गाव पायऱ्यांवर उभं. आणि वर पोचता पोचता कुणीतरी म्हणालं, बाई, जरा सूप कमी पीत जा, नाहीतर पुढच्या वेळी ट्रॅक्टर आणावा लागेल."

"हे असलं बोलायचं? मयताच्या दिवशी? कोण म्हणालं असं?"

"तुम्ही."

 लॉरेनियोंनी कॉफीचा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"गंमत केली असेल मी," ते म्हणाले.

"हो ना. सगळे हसले होते. मी पण हसले. त्यानंतर मी हॉलवर आले नाही, आणि तुम्ही माझं नाव आजाऱ्यांत घातलंत."

लॉरेनियोंनी मग दुसरा मार्ग सुचविला. नेलियाने मुकुट वर न्यावा, दिओलिंडाने खाली सावलीत बसावे, तिचे ताट अगदी पहिले आणू. दिओलिंडाने ऐकून घेतले. ती म्हणाली की चिठ्ठी तिच्या नावाची निघाली आहे आणि चर्चपासून हॉलपर्यंत मुकुट ती आणील. पुढचे मंडळाने पाहावे. लॉरेनियो मुकुटासमोर क्रूसाची खूण करून निघून गेले. त्या रात्री त्यांना झोप लागली की नाही, ते त्यांनाच ठाऊक.

सणाच्या दिवशी चर्चमध्ये दिओलिंडाच्या मस्तकावर मुकुट ठेवला गेला. आमच्या चर्चला बाजूने उतार आहे. तो एका जुन्या पाद्रीबाबांनी कोणालाही न विचारता घालून टाकला होता. मग मिरवणूक निघाली. पुढे ध्वज, मग मुली, मग राणी आणि तिचा लांबच लांब झगा, आणि मांडीवर चांदीचे तबक, तबकात मुकुट घेऊन दिओलिंडा. खुर्ची नेलिया ढकलीत होती. मागे बँड आणि सबंध गाव. ऊन चढलेले होते.

हॉलपाशी आल्यावर मिरवणूक दुभंगली आणि पायऱ्यांपर्यंत वाट मोकळी झाली. बँडने पवित्र आत्म्याचे स्तोत्र धरले. मुकुट आत जाईपर्यंत ते वाजत राहिले पाहिजे, अशी रीत आहे. दिओलिंडा निळ्या कबुतरापाशी आली आणि नेलियाने खुर्चीचे ब्रेक लावले.

ती चार तरुण मुले पुढे सरकली. दिओलिंडाने त्यांच्याकडे पाहून मान हलविली. रागाने नव्हे, दारी आलेल्या फेरीवाल्याला आज नको म्हणावे तशी. मुले थांबली. स्तोत्र संपले, बँडने पुन्हा पहिल्यापासून धरले. मुकुट खाली, म्हणून कोणी वर जाईना. पाद्री थांबले. महापौर टोपी काढून घाम पुसू लागले. वर दारात स्वयंपाकाच्या बायका डाव घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागून रश्शाचा वास येत होता. स्तोत्र तिसऱ्यांदा सुरू झाले आणि तुतारीवाल्याचा सूर घसरला. मागून कोणी म्हाताऱ्याने विचारले की काय झाले, कोण मेले.

ओरासियो लगबगीने आला. रस्ता बंद ठेवण्याचा परवाना एक वाजेपर्यंतच आहे, हे त्याने सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. दिओलिंडाला म्हणाला, "हे काय चालवलंयस? देवाला अडवून धरतेस?"

"मी कुठं अडवलंय? मी तर दारापर्यंत घेऊन आले," ती म्हणाली.

मग लॉरेनियो आले. अध्यक्षांचा पट्टा गळ्यात, हातात रुपेरी मुठीची काठी. ते तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मुकुट त्यांच्याकडे देण्यात शास्त्राची काही अडचण नव्हती. ज्याच्याकडे मुकुट आहे त्याने स्वखुशीने दिला की पुरे. दिओलिंडाने तबक उचलले आणि खरोखरच त्यांच्यापुढे धरले.

"घ्या, कोंपाद्रे," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही. पण एकदा मोठ्यानं सांगा सगळ्यांना, की ही सूट तुम्ही मागून घेतलीत. मला बाहेर ठेवायची सूट."

लॉरेनियोंचे हात तबकापाशी आले आणि तेथेच राहिले. बँड वाजत होता. त्यांनी वर दाराकडे पाहिले, पाच मोटारी उभ्या होत्या त्या अंगणाकडे पाहिले. मग तो धिप्पाड माणूस सर्वांत खालच्या पायरीवर, निळ्या फरश्यांवर मटकन बसला. त्यामुळे त्यांचा चेहरा प्रथमच दिओलिंडाच्या चेहऱ्यासमोर आला. त्यांनी काठी खाली ठेवली आणि डोक्याला हात लावला. काही वेळाने ते उठले ते स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून, आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात त्यांनी सांगितले, "हंडे खाली आणा. टेबलं पण. त्या गाड्या काढा तिथनं. माझी पहिली काढा."

ओरासियोने विचारले की उघड्यावर अन्न वाढण्याचा परवाना कोठे आहे. लॉरेनियो म्हणाले, "तू अर्ज कर. तोवर आम्ही जेवतो."

अंगणात टेबले लागली. पांढरे कापड अंथरून मधल्या टेबलावर दिओलिंडाने आपल्या हातांनी मुकुट ठेवला, पाद्रीबाबांनी अन्नाला आशीर्वाद दिला, आणि बँडवाल्यांनी एकदाची वाद्ये खाली ठेवली. तिच्या समोर पाव ठेवला गेला, पुदिना ठेवला गेला, आणि हंड्यातला रस्सा तिच्या डोळ्यांदेखत ओतला गेला. ती खाली मान घालून, कोणाशीही न बोलता जेवली. पाव कडेने अजून कडक होता. तिने पुन्हा मागितले, आणि पुदिना जास्त घाला म्हणाली.

हे इथेच संपले असते तर बरे झाले असते. पण सूट परत करायला लॉरेनियो नगरभवनात गेले, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी सांगितले की सूट मागण्याची पद्धत आहे, ती परत देण्याची पद्धत नाही. तरी त्यांनी उताराचा नकाशा दिला. तो वाहनतळाच्या खात्याने अडविला. एवढ्या माणसांच्या इमारतीला अमुक मोटारींची जागा हवीच, आणि उताराने पाच जातात. त्यातून सुटका हवी तर निराळी सुनावणी. मग पदपथाच्या खात्याने अडविले, कारण उताराचे तोंड त्यांच्या हद्दीत हातभर येत होते. मग झाडांच्या खात्याने अडविले. एका खात्याचा शिक्का पडेपर्यंत दुसऱ्याच्या शिक्क्याची मुदत संपे. जो माणूस आधी एक पैसा वाचवायला गेला होता, तो आता दर आठवड्याला धारा काढून झाल्या की नगरभवनाच्या रांगेत उभा राही. एकदा न राहवून तो त्या बाईंना म्हणाला, "बाई, दार बंद ठेवायला आलो होतो, तेव्हा तुम्ही लोकांनी मला कॉफी पाजलीत. उघडायला आलो तर ओळखसुद्धा दाखवत नाही." बाईंनी नम्रपणे पुढचा क्रमांक पुकारला.

असमर्थाला वगळण्यासाठी एक दुपार पुरते, आणि त्याला आत घेण्यासाठी वर्षही पुरत नाही, अशी व्यवस्था ज्या नगरीने रचली, तिच्या नियमांच्या मथळ्यावर समतेचे शब्द सोनेरी अक्षरांत असतात. ते शब्द लिहिणाऱ्यांनी एकदा चाकांच्या खुर्चीत बसून त्या खिडकीपर्यंत हात पोहोचवून पाहावा.

दुसऱ्या वर्षीचा सण आला तेव्हाही परवाना आलेला नव्हता. त्या वेळी मुकुट दुसऱ्याच्या घरचा होता आणि तो माणूस चांगला चालणारा होता. लॉरेनियोंनी सभा घेऊन विचारले की यंदा कोठे वाढायचे. फार चर्चा झाली नाही. अंगणात टेबले लागली. आजाऱ्यांच्या यादीतली आणखी चार नावे त्या दिवशी खुर्च्यांवरून, कुबड्यांवरून आणि मुलांच्या हाताला धरून आली. आम्ही ज्यांना अंथरुणाला खिळलेले समजत होतो, ती आमच्याच पायऱ्यांना खिळलेली होती. परवाना त्यानंतर आला. काँक्रीटचे काम सोमवारी सुरू होणार आहे.

दिओलिंडाच्या हातांत कौशल्य राहो, आणि आता पायऱ्यांपेक्षा लांबच्या वाटेने का होईना, ती ताठ मानेने आत जावो. लॉरेनियोंना रांगेत उभे राहण्याचे बळ लाभो आणि रात्री शांत झोप लाभो. ओरासियोला बारीक अक्षरांबरोबर माणसांचे चेहरेही वाचता येवोत. त्या पाच जणांना, आणि खिडकीवरच्या त्या बाईंना, आपल्या शब्दांचा पुरता अर्थ कधीतरी उमगो. आणि जे आमच्या पायऱ्यांपासून कोणालाही न सांगता परत गेले, ज्यांची नावेही आम्हाला कळली नाहीत, ते जेथे असतील तेथे सुखाने असोत. त्यांना भूक लागेल तेव्हा त्यांच्यासाठी बाकावर जागा असो.